रिकामा ठेवा

आमच्या घरात कॉम्प्युटरला 'पेटी' म्हणतात. हे नाव सौभाग्यवतींनी ठेवलं. ज्या टेबलावर तो बसतो तिथं पूर्वी खरोखरीची पेटी, म्हणजे हार्मोनियम, असे. ती थोरल्या बहिणीची. बहीण लग्न होऊन कोल्हापूरला गेली, काही वर्षांनी तिची पेटीही गेली, पण टेबलाची ओळख तशीच राहिली. "अहो, पेटी बंद करा, जेवायला वाढलंय," असं ऐकू आलं की नव्या पाहुण्याला वाटतं, काका या वयात गाणं शिकताहेत.

गाणं मला कधी आलं नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात तेहतीस वर्षं गणित शिकवलं आणि निवृत्त झालो. निवृत्तीनंतर माणसाला एक तर देव लागतो, नाही तर वाडवडिलांचे कागद. मला कागद लागले. मामांची जुनी पत्रं, वडिलांच्या दुकानाच्या रोजमेळाच्या वह्या, शेतीच्या खटल्याचे दावे-जबाब असं एकेक पान स्कॅनरखाली घालायचं आणि पेटीत साठवायचं. पुतण्या पुण्यात असतो. त्यानं मला विंडोजऐवजी लिनक्स बसवून दिलं आणि वर म्हणाला, "काका, तुम्ही गणिताचे मास्तर, तुम्हाला जमेल." मास्तराला असं कोणी म्हटलं की तो फसलाच. तसा मीही फसलो, आणि खरं सांगतो, आनंदानं फसलो. टिळकवाडीतल्या रद्दीच्या दुकानात लिनक्सवरचं एक जाडजूड जुनं पुस्तक मिळालं, ते पेन्सिलनं खुणा करत वाचून काढलं.

या सगळ्या कागदांपेक्षा मोलाची गोष्ट मात्र वेगळीच होती. आईच्या ओव्या.

आईचं माहेर चंदगड तालुक्यातलं. पहाटे जात्यावर बसली की ती ओव्या म्हणायची, आणि आम्ही भावंडं त्या आवाजात पुन्हा झोपी जायचो. पुढं गल्लीच्या तोंडाशी गिरणी झाली, जातं मागच्या पडवीत गेलं आणि ओव्याही गेल्या. १९८८ साली मी हप्त्यानं टेपरेकॉर्डर घेतला आणि आईला म्हटलं, म्हण की तुझ्या ओव्या. ती माइकसमोर बसली नि गप्पच राहिली. एक ओळ म्हणे आणि पुढची आठवत नसे. शेवटी वैतागून म्हणाली, "हात चालल्याशिवाय तोंड चालत नाही रे." मग पडवीतलं जातं पुसून आणलं. दळायला काही नव्हतं. रिकामंच जातं तिनं फिरवायला घेतलं, आणि मग एकामागून एक ओव्या अशा आल्या की कॅसेटची बाजू उलटायला मला फुरसत मिळेना. रिकामं जातं फिरवणं बरं नसतं, असं शेजारच्या म्हातारीनं बजावलं होतं म्हणून आईनं शेवटी मूठभर जोंधळे घातले. कॅसेट नीट ऐकली तर तो बदल कळतो. दगडावर दगड घासल्याचा कोरडा आवाज जातो आणि मऊ, भरलेला आवाज येतो. अशा एकोणीस कॅसेटी झाल्या, प्रत्येकी साठ मिनिटांच्या.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी पुण्याहून खेडोपाडी जाऊन एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या, हे मला पुष्कळ उशिरा समजलं. आधी समजलं असतं तर आईची भर त्यांच्याकडे घातली असती. आई २००९ मध्ये गेली. २०१५ मध्ये पुतण्यानं त्या एकोणीस कॅसेटी पेटीत उतरवून दिल्या. तासाला सहाशे एमबीच्या वर जागा लागली, म्हणजे एकंदर बारा जीबी. पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत कॅसेटींच्या फितीवर पांढरी बुरशी चढली. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. इथं चामड्याच्या चपलेला अंगण लागत नाही, कपाटातच हिरवळ उगवते. कॅसेटी मीच एका दिवाळीच्या साफसफाईत टाकून दिल्या. पेटीत आहेत ना, म्हणून.

आता ती संध्याकाळ. साल २०२२, महिना जुलै. दुपारपासून धो धो पाऊस. साडेपाचला वीज गेली. इन्व्हर्टरची बॅटरी आदल्या महिन्यापासून म्हातारी झालेली, तिनं दोन मिनिटं धीर धरला आणि मान टाकली. पेटी चालूच होती, ती धाडकन बंद पडली. सातच्या सुमारास वीज आली. पेटी लावली, ती नेहमीसारखी चालू झाली. कुरकुर नाही, तांबडी अक्षरं नाहीत. मी मामांचं १९६३ मधलं एक पत्र स्कॅन केलं आणि 'ठेवा' नावाच्या फोल्डरात टाकलं. आमचं सगळं धन त्याच फोल्डरात असे.

टाकलं आणि फोल्डर उघडून पाहिलं, तर आत एकच चीज, मामांचं पत्र. बाकी काही नाही.

मी चष्मा पुसला. चष्मा पुसून हार्डडिस्कमध्ये काही परत येत नाही हे मला कळत होतं, तरी पुसला. फोल्डर बंद करून पुन्हा उघडलं. पेटी बंद करून पुन्हा लावली. मामांचं पत्र एकटंच, एखाद्या ओसाड वाड्यात विसरलेल्या पाहुण्यासारखं.

पहिला फोन मी माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला केला. ते म्हणाले, "वीज गेली म्हणजे डिस्क पुसली गेली. हरवलेलं शोधून काढणारे प्रोग्रॅम असतात, एखादा उतरवून घ्या नि चालवा." मी तसा प्रोग्रॅम शोधायलाही बसलो होतो. आणि तेवढ्यात आठवलं की आपल्याकडे बॅकअप आहे! पेटीला एक बाहेरची डिस्क कायम लावलेली असते. 'ठेवा'मध्ये जे जे असेल ते रोज रात्री अकराला तिच्यात उतरतं. ती उघडली. एकोणीसच्या एकोणीस ओव्या, रोजमेळ, दावे, सगळं होतं. जीव भांड्यात पडला. म्हटलं, आता घाई कशाची? उद्या सकाळी चहा घेऊन सावकाश परत उतरवून घेऊ. जेवायला बसलो आणि त्या समाधानात आमटी दोनदा मागून घेतली.

सौभाग्यवतींना मात्र चैन पडेना. "बॅकअप आहे तर आहे. पण त्याला आजच बोलवा," म्हणाल्या.

'तो' म्हणजे शेजारच्या घरातला मुलगा. घर कन्नड. मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. मराठी आमच्या गल्लीत खेळून शिकला, त्यामुळे त्याच्या मराठीत व्याकरण थोडं आणि शिव्या अस्सल. मला तो काका म्हणतो. इथल्या कन्नडातही काकाला काकाच म्हणतात, हे आमच्या भागाचं एक बरं आहे. मी म्हटलं, पोराला कशाला या पावसात? सकाळी बघू. त्या म्हणाल्या, "तुमच्या आईचा आवाज आहे तो. सकाळी म्हणजे काय?" आणि स्वतःच फोन लावला. पोरगं डोक्यावर प्लॅस्टिकची पोती घेऊन साडेदहाला आलं.

आल्या आल्या त्यानं काही केलं नाही. हे मला फार आवडलं. चांगला वैद्य आधी नाडीसुद्धा धरत नाही, नुसता बघतो. त्यानं विचारलं, "काका, या फोल्डरात लॉस्ट-फाउंड म्हणून एक फोल्डर दिसत होतं काय पूर्वी?"

होतं की! मला ते पहिल्यापासून खुपायचं. 'हरवलं-सापडलं' अशा अर्थाचं इंग्रजी नाव, उघडायला गेलं की परवानगी नाही म्हणायचं, पुसायला गेलं तरी तेच. ते आता नव्हतं.

"मग एनू आगिल्लरी," तो म्हणाला. काही झालेलं नाही.

त्याचं म्हणणं असं. लिनक्सच्या पद्धतीनं डिस्क आखली, की त्या आखणीतच हे फोल्डर तयार होतं. तपासणीत ज्या फायलींचं नावगाव सापडत नाही, त्यांना नुसते आकडे देऊन तिथं ठेवतात, अनाथाश्रमात ठेवावं तसं. डिस्क खरोखर रिकामी झाली असती तरी हे फोल्डर राहिलं असतं. तेच नाही, याचा अर्थ आपण डिस्क बघतच नाही आहोत. आपण नुसता दरवाजा बघतो आहोत.

हे दरवाजाचं प्रकरण थोडं सांगायला हवं. विंडोजमध्ये प्रत्येक डिस्कला सी, डी, ई अशी अक्षरं असतात आणि घरं वेगवेगळी दिसतात. युनिक्सची रीत निराळी. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून बेल लॅबोरेटरीत ती घडवली, आणि लिनक्सनं पुढं तीच उचलली. तिथं सगळं मिळून एकच घर. नवी डिस्क आली की त्या घरातल्या एखाद्या रिकाम्या खोलीवर ती 'माउंट' करायची, म्हणजे चढवायची. जुन्या काळी डिस्का परातीएवढ्या असत आणि माणूस त्या खरोखरच हातानं यंत्रावर चढवी. शब्द तिथलाच. चढवली की त्या खोलीत शिरणारा थेट डिस्कमध्ये जातो. चढवली नाही तर खोली असतेच, पण रिकामी. आणि कोणी सांगत नाही की बाबा, ही ती खोली नव्हे.

माझा 'ठेवा' ही अशी खोली होती. आमच्या पेटीत दोन डिस्का. एक लहान, नवी, तिच्यावर लिनक्स. दुसरी जुनी, एक हजार जीबीची, तिच्यावर ठेवा. त्या संध्याकाळी दुसरी डिस्क चढलीच नव्हती. मामांचं पत्र पहिल्या डिस्कवरच्या मोकळ्या खोलीत जाऊन पडलं होतं.

मुलानं खातरजमा केली. 'डीएफ' नावाची आज्ञा दिली की कोणत्या फोल्डरामागं केवढी जागा आहे ते कळतं. ठेव्यामागं हजार जीबी दिसायला हवेत, दिसले सव्वाशेच्या आत, म्हणजे लहान डिस्क. आता डिस्का दिसतात का पाहू, म्हणून तो 'एलएसबीएलके' टाइप करत होता. टाइप करता करता त्याचा हात थांबला. टेबलावर बाहेरच्या डिस्कचा निळा दिवा लुकलुकत होता.

"ही कसली, काका?"

"बॅकअपची. त्याची काळजी नको, तिच्यात सगळं आहे. मी बघितलंय."

"कधी चालतो बॅकअप?"

"रोज अकराला."

"आर-सिंकनं काय? डिलीट लावलंय?"

"लावलंय की," मी जरा अभिमानानंच म्हटलं. "दोन्हीकडं सारखंच राहायला पाहिजे ना!"

"अय्यो!" म्हणून त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. दहा बावन्न झाले होते.

वाचकहो, आर-सिंक हा अत्यंत प्रामाणिक नोकर आहे. इकडचं तिकडं करतो. त्याला 'डिलीट' असं सांगून ठेवलं, की इकडं जे नाही ते तिकडूनही काढून टाकतो. मी जुनी, वाया गेलेली स्कॅनं पुसत असे. ती बॅकअपमध्ये साचू नयेत म्हणून मीच तो शब्द घातला होता. पुस्तकात वाचून, पेन्सिलनं खूण करून. त्या रात्री अकराच्या ठोक्याला तो नोकर ठेव्यात गेला असता, त्याला मामांचं एक पत्र दिसलं असतं, ते त्यानं नेऊन बॅकअपमध्ये ठेवलं असतं आणि तिथलं बाकीचं सगळं, इकडं नाही म्हणून, पुसून टाकलं असतं. मी झोपलेला असतो. आमटी दोनदा घेऊन.

मुलानं बाहेरची डिस्क रीतसर इजेक्ट केली, वायर काढली आणि डिस्क उचलून सौभाग्यवतींच्या हातात दिली. "काकू, आत ठेवा." त्यांनी ती देवघराच्या कपाटात, समईशेजारी ठेवली. अकरा वाजले. पेटीत काहीच झालं नाही. नोकर आला असणार, नेऊन ठेवायची जागा सापडली नाही म्हणून परत गेला असणार.

तुम्ही म्हणाल, मूळ डिस्क तर शाबूत होती, मग बॅकअप पुसला गेला असता तरी बिघडलं काय असतं? बरोबर आहे, पण हे आज कळतं. सकाळी दोन्हीकडं रिकामं पाहून मी शांत राहिलो असतो, असं मला स्वतःबद्दल म्हणवत नाही. तो हरवलेलं शोधणारा प्रोग्रॅम चालवला असता, त्याला उतरवून घ्यायला हीच बाहेरची डिस्क दिली असती, नाही तर कोणाच्या सांगण्यावरून डिस्क नव्यानं आखायला घेतली असती. आमच्या शाळेच्या ऑफिसात एकानं असंच केलं होतं. पडद्यावर "डिस्क फॉरमॅट करायची का?" असं विचारलं आणि त्यानं सभ्यपणे होय म्हटलं. तीन वर्षांचे निकाल गेले. यंत्रानं विचारलं म्हणून उत्तर दिलंच पाहिजे असं नसतं, पण आम्हा नोकरदारांना सवय असते.

आता मुलगा निवांत बसला. यादी समोर होती. पहिली डिस्क 'एसडीए', हिच्यावर लिनक्स. दुसरी 'एसडीबी', जेमतेम पंधरा जीबीची. तिसरी 'एसडीसी', नऊशे एकतीस जीबी, म्हणजे हजार जीबीची, कारण यंत्राचं जीबी आणि दुकानदाराचं जीबी यांत शेर-किलोसारखा फरक असतो.

"ही पंधरावाली कोण?" त्यानं विचारलं.

मी पेटीच्या मागं वाकून बघितलं. पेनड्राइव्ह! भाचीच्या साखरपुड्याचे फोटो. सकाळी लावला होता, काढायचा राहिला होता.

मग सगळा उलगडा झाला. कोणती डिस्क कोणत्या खोलीवर चढवायची, याची नोंद 'एफएसटॅब' नावाच्या एका साध्या मजकुराच्या फायलीत असते. त्यात माझ्या हातची ओळ होती, जुन्या पुस्तकातून उतरलेली: एसडीबीचा पहिला भाग ठेव्यावर चढवा. पण ए, बी, सी ही नावं डिस्कची स्वतःची नव्हेत. हजेरीत जो आधी 'हजर' म्हणेल त्याला आधीचं अक्षर. रोज हजेरीला दोघीच असत, बाहेरची मागून येई, म्हणून माझं निभावत होतं. त्या दिवशी वीज आल्यावर पेनड्राइव्ह चटकन 'हजर' म्हणाला. जुनी डिस्क फिरायला लागून आवाज काढेपर्यंत बी हे अक्षर गेलं होतं, तिला सी मिळालं. यंत्रानं माझी ओळ वाचली, पेनड्राइव्ह चढवायला घेतला, त्याची आखणी वेगळी म्हणून चढला नाही. आणि 'नोफेल', म्हणजे एखादी डिस्क न चढली तरी अडून बसू नको, पुढं चल, हा शब्दही मीच त्या ओळीत घातलेला. पूर्वी एकदा पेटी सुरू होताना अडली होती म्हणून. म्हणजे दार मी उघडं ठेवलं, घंटा मी काढून टाकली आणि नोकराला झाडू मीच दिला. वीज बिचारी निमित्ताला.

अशा नोंदीसाठी डिस्कची कायमची ओळख वापरायची असते. तिला यूयूआयडी म्हणतात. आकडे आणि अक्षरं मिळून बत्तीस, मध्ये आडव्या रेघा देऊन पाच गटांत. डिस्क आखताना ती तिच्यावर लिहिली जाते आणि मग तिला कितव्या नंबरला उभं करा, कोणत्याही भोकात खुपसा, ती तीच राहते. हे समजावताना मुलगा हसून म्हणाला, "बेळगाव म्हणा, बेळगावी म्हणा, पिनकोड तोच की काका." सरकारी कागदावर आमच्या गावाचं नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी बदललं तेव्हा हा पोरगा शाळेत होता. यावर आमच्या गल्लीत मोठी भांडणं झालेली मी पाहिली आहेत. पण त्या रात्री त्याच्या उपमेवर मी हसलो.

तरी त्यानं लगेच डिस्क चढवली नाही. वीज अचानक गेलेली, डिस्क जुनी. अशा डिस्कवर एक रोजकीर्द असते. फायलींच्या नोंदींत जो बदल करायचा तो आधी तिच्यात लिहायचा, मग खातेवहीत. अधेमधे वीज गेली तर पुढच्या वेळी कीर्द बघून खाती जुळवून घ्यायची. माझ्या वडिलांना हे कोणी सांगितलं असतं तर त्यांना त्यात नवल वाटलं नसतं. मुलगा म्हणाला, आधी कीर्दीलाही हात लावायचा नाही. डिस्क फक्त वाचण्यापुरती चढवायची, एक टिंबसुद्धा लिहायचं नाही, ओव्या दुसरीकडं काढून घ्यायच्या, आणि मगच तपासणी. त्यानं तशी आज्ञा दिली. ठेवा उघडला.

"एल्ला ऐतरी," तो म्हणाला.

सगळं होतं. रोजमेळ, दावे, पत्रं आणि एक ते एकोणीस ओव्या. लॉस्ट-फाउंडसुद्धा होतं. त्याचा मला पहिल्यांदाच आनंद झाला.

फायली आहेत, पण वाजतात का, हे पाहायला हवं म्हणून त्यानं सात नंबरची लावली. जात्याची घरघर सुरू झाली. मागं कुठंतरी कोंबडा. मग आई. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन दारात उभ्या राहिल्या. कोणी काही बोललं नाही. मुलानं दोन-तीन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "हे कोण?"

"माझी आई."

त्याचा चेहरा गोंधळला. त्यांच्यात 'आयी' म्हणजे आजी. माझी आजी आणि टेपरेकॉर्डर हा हिशेब त्याला जुळेना. तो उलगडा झाल्यावर म्हणाला, "आमच्या आयीला पण येतात असली. बीसुव पद म्हणतात आमच्यात. पण आता म्हणत नाही ती. जातंच नाही." कन्नडातली जात्यावरची गाणी बहुतेक त्रिपदीत, तीन चरणांची, आपली ओवी साधारण साडेतीन चरणांची. हे मी वाचलं होतं. त्याची आयी आमच्या भिंतीपलीकडं चाळीस वर्षं राहते आणि तिला ती येतात, हे मात्र मला त्या रात्रीपर्यंत ठाऊक नव्हतं.

बाकीचं काम तासाभराचं. ओव्या लहान डिस्कवर उतरवल्या. मोठी डिस्क उतरवून तपासणी केली. कीर्दीतल्या दोन-चार नोंदी जुळवल्या गेल्या, अनाथ एकही निघालं नाही. एफएसटॅबमधली माझी ओळ खोडून तिथं ती बत्तीस आकड्या-अक्षरांची ओळख घातली आणि डिस्क कायमची चढवली. तेव्हा मी ओरडलो, "अरे, मामांचं पत्र गेलं!"

"गेलं कुठं? खाली आहे."

रिकाम्या खोलीत पडलेल्या पत्रावर आता डिस्क चढली होती. सतरंजी अंथरल्यावर जमिनीवर पडलेली सुपारी दिसत नाही तसं. त्यानं सतरंजी उचलली, पत्र काढलं, खोली झाडली आणि डिस्क न चढवता तिथं काही ठेवताच येणार नाही, असं त्या मोकळ्या खोलीला कुलूप घातलं. आर-सिंकलाही ताकीद दिली: आधी बघ, ठेव्यावर डिस्क चढलेली आहे का. नसेल तर काही करू नको, काकांना सांग. शिवाय एका वेळी अमुक एका संख्येपेक्षा जास्त फायली पुसायच्या नाहीत, अशी मर्यादाही घालता येते. ती मी पन्नास घालायला लावली. आणि बॅकअपची डिस्क कायम जोडलेली नको, म्हणाला. वीज पडली तर दोन्ही एकदम जातील. आता बाहेरच्या दोन डिस्का आहेत, एक समईशेजारी आणि एक कोल्हापूरला बहिणीकडं, पेटीच्या जुन्या जागी. दर दिवाळीला आणि मे महिन्यात त्यांची अदलाबदल होते.

मुलगा निघाला तेव्हा सव्वा वाजला होता. सौभाग्यवतींनी त्याला गरम दूध दिलं आणि डब्यातल्या करंज्या बांधून दिल्या. मला त्या रात्री काही मिळालं नाही. "सकाळी सावकाश बघणार होता ना?" एवढंच म्हणाल्या.

ऑगस्टमध्ये त्यानं आयीला आमच्याकडं आणलं. ऐंशीच्या पुढची बाई, कानानं जड. आईच्या ओव्या मोठ्या आवाजात लावल्या तेव्हा शब्द तिला सगळे कळले नसतील, पण घरघर कळली. तिचा उजवा हात मांडीवर हळूहळू गोल फिरायला लागला. मी माळ्यावरून जातं उतरवलं. खुंटा मोडला होता, तो गल्लीतल्या सुताराकडून नवा करून आणला. मूठभर जोंधळे आधीच घालून ठेवले. बावन्न मिनिटं झाली. साडेपाचशे एमबी. फाईलला नाव काय देऊ, म्हणून विचारलं तर नातवानं कन्नडात टाइप करून दिलं. मला ते अजून नीट वाचता येत नाही, पण आकारावरून ओळखतो. त्या रात्री अकराला मी पेटीसमोर बसून होतो. एक नवी फाईल गेली, एकही पुसली नाही, असं पडद्यावर आलं. मग समईशेजारची डिस्क जागेवर ठेवून झोपलो.